डोळ्यांची ठेव

डोळ्यात फूल पडणे हा शब्दप्रयोग आमच्या पिढीने लहानपणी वरचेवर ऐकला. गावात किंवा नात्यात असे एखादे माणूस असायचेच. कोणाला देवी येऊन गेलेल्या, कोणाच्या डोळ्याला शेतात धसकट लागलेले, कोणाच्या डोळ्यात कळीचा चुना उडालेला. आणि मग बुबुळावर कायमचा पांढरा डाग धरलेला. मोतीबिंदू काढता येतो हे लोकांना माहीत होते. फुलावर मात्र इलाज नाही असेच सगळे धरून चालत. त्या माणसाला हाताला धरून पंगतीला न्यायचे, लग्नकार्यात एका बाजूला नीट बसवायचे आणि नशिबाला बोल लावून गप्प राहायचे, एवढेच घरच्यांच्या हाती असे.

या फुलावर इलाज आहे आणि तो चार भाग्यवंतांपुरता नसून हजारोंपर्यंत पोहोचवता येतो, हे ज्यांनी जगाला दाखवून दिले त्यांत काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातले डॉक्टर व्लादिमिर पेत्रोविच फिलातोव्ह यांचे नाव फार वर आहे. रशिया आणि युक्रेनमध्ये त्यांना ओळखत नाही असे घर सापडणे कठीण. आपल्याकडे मात्र नेत्रतज्ज्ञांची वर्तुळे सोडली तर हे नाव फारसे कोणाच्या तोंडी येत नाही. ८१ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दोन मोठी कामे केली. एक, गेलेली पापणी पुन्हा उभी करण्याची रीत शोधली. दोन, मृत माणसाच्या डोळ्यातून जिवंत माणसाला दृष्टी देण्याचा रस्ता रुंद केला.

ही दोन्ही कामे वरवर वेगळी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: नवे आणायचे कोठून? हात कितीही कुशल असो, जोडायला काही हवे ना! माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. कर्ज मागायला येणाऱ्याची गरज खरी आहे, धंदा चोख आहे, मंजुरी देणारा अधिकारीही तयार आहे. पण ठेवीच नसतील तर द्यायचे काय, हा तिथला पहिला धडा. फिलातोव्ह यांनी वैद्यकात हा धडा गिरवला. शस्त्र चालवणारे त्यांच्या आधीही होते. ठेव कोठून येईल याचा पक्का बंदोबस्त करणारे विरळा.

फिलातोव्ह यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८७५ रोजी रशियातल्या पेन्झा प्रांतातील मिखाइलोव्का या खेड्यात झाला. घराणे डॉक्टरांचे. वडील प्योत्र फिलातोव्ह शस्त्रक्रिया करत आणि डोळेही तपासत. काका नील फिलातोव्ह हे रशियातल्या बालरोगशास्त्राचे एक जनक मानले जातात. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब व्होल्गाकाठच्या सिम्बिर्स्क गावी आले आणि व्लादिमिरचे शालेय शिक्षण तिथे झाले. काही वर्षे आधी त्याच शाळेतून व्लादिमिर उल्यानोव्ह नावाचा एक विद्यार्थी बाहेर पडला होता. पुढे जगाने त्याला लेनिन म्हणून ओळखले. घरात वडिलांकडे डोळ्यांचे रोगी येत, त्यामुळे मुलाला वेगळे काही सुचवावे लागले नाही. १८९२ साली त्याने मॉस्को विद्यापीठात वैद्यकाला नाव घातले आणि १८९७ साली तो डॉक्टर झाला.

त्या काळी नेत्रवैद्य होणे म्हणजे विद्यापीठाच्या नेत्रचिकित्सालयात वरिष्ठांच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करणे. फिलातोव्ह यांनी ती मॉस्कोत केली. खुपऱ्या, मोतीबिंदू, काचबिंदू, देवीने आणि जखमांनी गेलेले डोळे असा रोग्यांचा ओघ अखंड होता. १९०३ साली प्राध्यापक गोलोविन यांना ओडेसाच्या विद्यापीठात नेत्रविभाग चालवायला बोलावले गेले आणि तरुण फिलातोव्ह त्यांच्याबरोबर तिकडे गेले. ही निवड त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. गोलोविन डोळ्याच्या खोबणीतल्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले होते. पापणीचा किंवा खोबणीचा कर्करोग झाला तर जीव वाचवण्यासाठी बराच भाग काढून टाकावा लागे. जीव वाचे, पण चेहऱ्यावर उरे ते भगदाड. रोगी बरा होऊन घरी जायचा तेव्हा त्याचीच मुले त्याच्याकडे बघायला घाबरायची. शल्यवैद्याचे काम काढून टाकल्यावर संपत नाही, हे फिलातोव्ह यांना या विभागात रोज दिसत होते. १९०८ साली त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला आणि १९११ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते त्या विभागाचे प्रमुख झाले. ती खुर्ची त्यांनी पुढे पंचेचाळीस वर्षे सांभाळली.

पापणीला आपण डोळ्याचे नुसते झाकण समजतो. प्रत्यक्षात ती डोळ्याची रात्रंदिवस राबणारी मोलकरीण आहे. मिनिटात कितीतरी वेळा ती खाली उतरते, अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर सारखा पसरवते आणि धूळ पुसून काढते. बुबुळावर जे काचेसारखे पारदर्शक पटल असते, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, ते या ओलाव्यावर जगते. पापणी गेली, आक्रसली किंवा बाहेर उलटली की हे पटल कोरडे पडते, त्यावर जखमा होतात आणि ते पांढरे होऊ लागते. खुपऱ्यांमध्ये उलटे घडते. पापणी आत वळते आणि तिचेच केस बुबुळावर घासत राहतात. म्हणजे चांगली पापणी नसेल तर चांगला डोळाही टिकत नाही. पापणी नव्याने करणे हा चेहरा सजवण्याचा प्रकार नव्हता, दृष्टी राखण्याचा होता.

आता नवी पापणी करायची तर कातडी हवी. शरीराच्या एका जागची कातडी दुसऱ्या जागी न्यायची विद्या आपल्या देशाला फार जुनी. सुश्रुतसंहितेत नाक पुन्हा करण्याची कृती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ घडलेली एक शस्त्रक्रिया तर जगभर गाजली. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला एक बैलगाडीवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका जाणकाराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येचे नव्याने दिवस सुरू झाले.

या रीतीतली मेख अशी की कातडीचा तुकडा पूर्ण सोडवायचा नाही. एका बाजूने तो मूळ जागी जोडलेला ठेवायचा, म्हणजे त्याला रक्त मिळत राहते. नवी जागा त्याला आपलेसे करून घेईपर्यंत जुन्या जागेने त्याला पोसायचे. लग्न झालेल्या मुलीचे माहेर लगेच तुटत नाही, तसेच. पण या रीतीला मर्यादा होत्या. कातडी शेजारचीच घ्यावी लागे, कारण पट्टी लांब ओढली की तिचे रक्त आटे. शिवाय पट्टीची खालची बाजू उघडी, ओली राही. जंतुनाशक औषधे अपुरी असलेल्या त्या काळात ती बाजू चिघळे आणि आठवड्यांची मेहनत वाया जाई. ज्याच्या डोळ्याभोवतीची कातडीच जळून किंवा कर्करोगाने गेली आहे त्याला तर शेजार उरलेलाच नसे.

फिलातोव्ह यांनी काढलेला उपाय आज वाचताना सोपा वाटतो. त्यांनी मानेवर दोन समांतर छेद घेतले, मधली कातडीची पट्टी खालून सोडवली, पण तिची दोन्ही टोके जागीच जोडलेली ठेवली. मग ती पट्टी आत वळवून तिच्या कडा एकमेकींना शिवल्या. झाली एक गोल नळी. प्रवासी बॅगेला मूठ असते तशी ती मानेवर दिसे. नळीखालची जखमही शिवून बंद केली. आता उघडी, ओली बाजू कोठेच नाही. चिघळायला वाव नाही. आणि दोन्ही टोकांकडून आतला रक्तपुरवठा चालू. काही आठवडे थांबायचे, नळी चांगली रुजली की एक टोक सोडवून पापणीच्या जागी शिवायचे. तिथे ते धरले की दुसरे टोक सोडवायचे. नळी उलगडली की हवी तेवढी कातडी हाताशी. एका दमात अंतर कापता येत नसेल तर ती टप्प्याटप्प्याने न्यायची, जणू ती शरीरावरून चालत जाते. फिलातोव्ह यांनी तिला गोल देठ असे नाव दिले. फुलाला झाडाशी जोडून ठेवतो तो देठ. नाव अगदी चपखल.

हा प्रयोग त्यांनी आधी सशांवर करून पाहिला. मग सप्टेंबर १९१६ मध्ये खालच्या पापणीचा कर्करोग काढलेल्या एका रोग्यावर तो केला आणि १९१७ साली रशियन नेत्रवैद्यकाच्या मासिकात त्याची हकीकत छापली. ते वर्ष रशियाच्या दोन क्रांत्यांचे. महायुद्ध चालू, टपाल विस्कळीत, भाषा रशियन. हा लेख बाहेर कोण वाचणार? त्याच सुमारास बर्लिनमध्ये गान्झर आणि इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलिस यांनीही स्वतंत्रपणे तीच नळी शोधली. जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका खलाशावर गिलिस यांनी ऑक्टोबर १९१७ मध्ये ती वापरली. युद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या हजारो सैनिकांवर काम केलेल्या गिलिस यांचे १९२० सालचे पुस्तक जगभर पोहोचले आणि नळीला त्यांचे नाव चिकटले. तारखांचा हिशेब पाहिला तर पहिला मान फिलातोव्ह यांचा, आणि आज वैद्यकाचे इतिहासकार तो त्यांना देतात. पुढे पन्नासएक वर्षे, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र येईपर्यंत, भाजलेल्या आणि युद्धात होरपळलेल्या माणसांचे चेहरे, नाके, पापण्या या देठावर पुन्हा उभ्या राहिल्या.

पापणीपुरता ठेवीचा प्रश्न असा सुटला. माणसाची ठेव त्याच्याच अंगावर होती, फक्त ती सुखरूप हलवायची रीत हवी होती. कॉर्नियाचे मात्र तसे नव्हते. त्याला बदली तुकडा शरीरात दुसरीकडे कोठेच नाही. दोन्ही डोळ्यांत फूल असलेल्याला तो दुसऱ्या कोणाकडून तरी मिळायला हवा.

जनावरांचे पटल बसवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात बरेच झाले. ते बसवलेले तुकडे पांढरे पडत. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांना यश आले. रोगी होता चुन्याने दोन्ही डोळे गेलेला एक मजूर. एका अकरा वर्षांच्या मुलाचा जखमी डोळा काढावा लागला होता, पण त्याचे पारदर्शक पटल चांगले होते. त्याचा तुकडा मजुराच्या डोळ्यात बसवला आणि तो काम करण्यापुरते पाहू लागला. हे माणसावरचे पहिले यशस्वी कॉर्नियारोपण. पुढे प्रागमध्ये एल्श्निग यांनीही चांगले काम केले. पण हे सगळे योगायोगावर अवलंबून. एखाद्या जिवंत माणसाचा डोळा काढायची वेळ यावी, त्याचे पटल नेमके शाबूत असावे आणि त्याच वेळी गरजू रोगी दवाखान्यात हजर असावा! अशा योगायोगावर एखाद्याचे भले होईल, पण गावोगावचे अंध कशाच्या भरवशावर थांबणार?

फिलातोव्ह यांनी १९१२ साली पहिले रोपण केले. ते फसले, तुकडा पांढरा झाला. पुढची वर्षे युद्ध, क्रांती, यादवी आणि दुष्काळाची. ओडेसा शहर तर या काळात अनेकदा एका सत्तेकडून दुसरीकडे गेले. औषधे नाहीत, जळण नाही, अन्न नाही. विसाव्या दशकात घडी बसू लागली तसे ते या प्रश्नाकडे परतले. त्याच काळात सोव्हिएत रशियात आणखी एक धाडसी विचार चालू होता. खारकोव्हचे शामोव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवले की मृत्यूनंतर काही तास रक्त निरुपयोगी होत नाही. १९३० साली मॉस्कोत युदिन यांनी मृत व्यक्तीचे रक्त एका मरणोन्मुख रोग्याला देऊन त्याला वाचवले. माणूस गेला म्हणजे त्याचा कण न् कण त्याच क्षणी गेला असे नसते, ही गोष्ट यातून ठसत होती.

कॉर्नियाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू बाहेरच्या हवेतून आणि अश्रूंतून घेतो. त्यामुळे हृदय थांबल्यावरही तो काही तास टिकून राहतो. रक्त नसल्यामुळेच दुसऱ्याच्या शरीरात तो परका म्हणून सहसा लवकर नाकारला जात नाही. मृतांचे पटल वापरण्याचे तुरळक प्रयत्न आधी कोठे कोठे झाले होते. फिलातोव्ह यांनी १९३१ साली मृत व्यक्तीच्या डोळ्यातील तुकडा बसवला, तो पारदर्शक राहिला आणि तिथून त्यांनी त्याची पद्धतच बसवली. डोळे काढायचे कसे, निर्जंतुक कसे ठेवायचे, दोन ते चार अंश तापमानात थंड ठेवून काही दिवस कसे टिकवायचे, याचे पाठ त्यांनी घालून दिले. थंड ठेवलेला तुकडा ताज्याइतकाच, कधी त्याहून बरा चालतो असे त्यांच्या ध्यानात आले. योगायोगाची गरज संपली. सोमवारी गेलेल्या माणसाचा डोळा बुधवारी येणाऱ्या रोग्याची वाट पाहू शकत होता. डोळ्यांची बँक हा शब्द अजून जन्मायचा होता, पण तिचे तत्त्व ते हेच.

हत्यारांकडेही त्यांनी लक्ष दिले. बुबुळावरचा डाग गोल कापण्यासाठी बारीक गोल पाते वापरत. ते जरा खोल गेले की मागचे भिंग दुखावे आणि सगळे मुसळ केरात. ओडेसाचे कारागीर मार्त्सिन्कोव्स्की यांच्या साथीने त्यांनी असे पाते घडवले की कापताना आतल्या भिंगाला धक्का लागू नये. शिवायला आजच्यासारखे केसाहून बारीक धागे नव्हते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा पट्टीसारखी ओढून ते नव्या तुकड्यावर पांघरत आणि तो जागेवर राखत. कृती अशी सोपी ठेवण्यामागे हेतू होता. ही शस्त्रक्रिया एका गुरूची करामत न राहता जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरालाही करता यावी. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर सोव्हिएत संघात चारी दिशांना गेले आणि शेकडो डोळ्यांत पुन्हा उजेड आला. १९३७ साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि या वेळी जगाने उशीर न करता दखल घेतली.

१९३६ साली ओडेसात त्यांच्यासाठी स्वतंत्र नेत्रसंस्था स्थापन झाली. ती उभी राहते न राहते तोच दुसरे महायुद्ध आले. ऑक्टोबर १९४१ मध्ये ओडेसा शत्रूच्या ताब्यात गेले. साठी उलटलेले फिलातोव्ह त्याआधीच बाहेर पडले होते. पुढे मध्य आशियातल्या ताश्कंदला राहून ते जखमी सैनिकांच्या डोळ्यांवर उपचार करत राहिले. १९४४ साली शहर मुक्त झाल्यावर ते परतले आणि संस्था पुन्हा मांडली. सरकारने त्यांना मोठमोठे किताब दिले. गंमत अशी की निरीश्वरवादी राजवटीच्या या लाडक्या शास्त्रज्ञाची देवावरची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही. उरलेल्या वेळात ते निसर्गचित्रे रंगवत. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना रंग दाखवण्यासाठी झटत होता त्याला स्वतःला रंगांचे वेड असावे, यात नवल ते काय!

त्यांच्या चरित्रातली एक उणी बाजूही सांगायला हवी. थंडीत ठेवलेला तुकडा चांगला चालतो यावरून त्यांनी असा सिद्धांत मांडला की कोणतीही जिवंत पेशी हालात सापडली की काही उत्तेजक द्रव्ये तयार करते आणि ती द्रव्ये अनेक रोगांवर गुणकारी ठरतात. १९३३ पासून ऊतीउपचार या नावाने त्याचा मोठा प्रसार झाला. कोरफडीच्या अर्काची इंजेक्शने दिली जाऊ लागली. डोळ्यांपासून त्वचेपर्यंत नाना तक्रारींवर हा उपचार चालला. काटेकोर कसोट्यांवर मात्र तो सिद्धांत उतरला नाही. एका खऱ्या निरीक्षणावर त्यांनी पेलणार नाही एवढा मजला चढवला. थोर माणसाचे सगळेच थोर असते असे नाही. देठ आणि कॉर्निया मात्र टिकले, कारण तिथे रोग्याचा चेहरा आणि रोग्याची दृष्टी हाच पुरावा होता.

३० ऑक्टोबर १९५६ रोजी ओडेसातच त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था त्यांच्याच नावाने चालू राहिली. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये टाउनली पेटन यांनी पहिली नेत्रपेढी सुरू केली. १९४५ साली आपल्याकडे मद्रासला डॉ. मुथय्या यांनी नेत्रपेढी काढली आणि १९४८ साली कॉर्नियारोपणही केले. आता शस्त्रक्रिया कितीतरी पुढे गेली आहे. कॉर्नियाचा पूर्ण जाडीचा तुकडाच बसवावा लागतो असे नाही, नुसता बिघडलेला थर बदलता येतो. शल्यवैद्य आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, धागे आहेत. अडते ते फिलातोव्ह यांच्या काळी अडत होते तिथेच, ठेवीपाशी. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या पंधरवड्यात नेत्रदानाची आठवण करून दिली जाते, अर्ज भरले जातात. पण अर्ज भरणारा माणूस वेळ येते तेव्हा स्वतः फोन करू शकत नाही. तो फोन घरच्यांना करावा लागतो, संमतीही त्यांनीच द्यायची असते, आणि तीही दुःखाच्या पहिल्या काही तासांत.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला चार गोष्टी ठाऊक असाव्यात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, तेव्हा नेत्रपेढीला लगेच कळवावे. चष्मा, वय, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांची सहसा आडकाठी नसते. काही संसर्गजन्य रोगांत मात्र डोळे घेत नाहीत, ते डॉक्टर पाहतात. काम अर्ध्या तासाच्या आत होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्काराला उशीरही होत नाही. नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत डोक्याखाली उशी द्यावी, खोलीतला पंखा बंद करावा, मृताच्या पापण्या हलक्या हाताने मिटाव्यात आणि त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, म्हणजे आतले पटल सुकत नाही. गेलेल्या माणसाचे डोळे मिटण्याचे काम आपल्याकडे घरातले कोणीतरी जवळचे माणूस पूर्वीपासून करत आलेच आहे. त्यानंतर एक फोन करायचा, एवढीच त्यात भर.